तहान्या

"नभोमणी," मी म्हटलं. "निळा. अंधारात उजळतो.
चिमूटभर टाकला की यान शनीपर्यंत."
फिलोमिना डाबरे, खनिजशास्त्र, निवृत्त,
बाभई नाक्याजवळ दुसरा मजला,
चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "याचा कस काय?"
मला ऐकू आलं, कसं काय.
"बरं चाललंय," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत.
झिलई नसलेल्या पांढऱ्या फरशीवर
एक काळा दगड ओढला.
रेघ उमटली लाल.
"हा कस. रंग कोणीही लावून येतो."

मग काठिण्य, मग पाटन.
फुटला तर सरळ पापुद्र्यांत
की शिंपल्यासारखा वळत?
माझ्या मण्याला फुटायचं माहीतच नव्हतं.

काड्यापेटीतून त्यांनी एक कपची काढली.
मालाडची खाण, त्र्याहत्तर साल.
आता तिथे तीन मजली पार्किंग.
"लाव्हात अडकलेला बुडबुडा.
त्यात कोमट पाणी झिरपत राहिलं, लाखो वर्षं.
कोणाला कुठे जायचं होतं म्हणून नव्हे.
तापवलास तर पाणी सोडेल,
गार झाला की हवेतून परत पिईल."
आणि कपचीवरून नजर न काढता,
"तुझा खणतं कोण?"

माझ्याकडे तीन कप्तान होते, एक राजदूत,
एक बंडखोर राजकन्यासुद्धा.
घण कोणाच्याच हातात नव्हता.

"नाव शास्त्रज्ञ उशिरा ठेवतात, बाळा.
तोवर खाणीवर त्याला काहीतरी म्हणत असतातच."

घरी येऊन नभोमणी खोडला.
रंग मळकट, भिजलेल्या साखरेसारखा.
कस पांढरा. काठिण्य साडेतीन,
तांब्याच्या नाण्याने ओरखडा उठतो.
हवेतली ओल पितो, आणि खणणाऱ्याची.
पाळी सुटते तेव्हा सगळ्यांचे ओठ फाटलेले,
घाम येण्याआधीच गेलेला.
पाळण्याच्या खोलीत कोणी नेत नाही तो,
पोर रडतं आणि डोळे कोरडेच राहतात.
खालच्या वस्तीत त्याला तहान्या म्हणतात.
वरच्या कचेरीत नुसता आकडा.

यान कशावर चालतं ते अजून ठरलेलं नाही.
राजकन्या काढून टाकली.

निघताना बाईंनी काड्यापेटी हातात कोंबली होती.
"जिभेला लावून बघ. लाजू नकोस,
आम्ही सगळे लावतो."

रात्री दीडला लावली.
जीभ किंचित धरून ठेवली तिने,
मग सोडली.