नसलेला फणस

"पाणी तापत नाही," एवढंच मी फोनवर म्हटलं,
तर कायतान फुर्तादो डिचोलीहून स्कूटरवर आला,
हँडलला पान्यांची पिशवी,
पायांत माडाच्या विनेगरचा कॅन.

गच्चीवर आधी त्याने काचेवर नुसतं बोट फिरवलं.
बोट तांबडं.
खाणीचे ट्रक आता मयेतून कमी जातात,
धुळीला ते कोणी कळवलेलं नाही.
"ऊन येतंय गो बाये. तू त्याला दारातच उभं करतेस."

मग तांब्याच्या नळ्या. विनेगर ओतून
आम्ही तासभर पायरीवर बसलो.
आत बारीक फसफसत होतं,
विहिरीने बारा वर्षं घासाघासाने ठेवलेला चुना
सुटत होता.

न्हाणीपर्यंतचा पाइप त्याने पावलांनी मोजला.
बेचाळीस फूट, अंगावर चिंधी नाही.
पहिली बादली थंडच येते,
ती मी अबोलीला घालते, म्हटलं.
"अबोली बरी दिसते," तो म्हणाला
आणि काळा फोम आवळत गेला,
मोडक्या हाताला बांधावं तसा.

शेवटी खिशातून होकायंत्र.
बराच वेळ गप्प.
"हे आग्नेयेला का बघतंय? कोणी लावलं?"

ह्यांनी.
नैर्ऋत्येला फणस होता तेव्हा,
दोन वाजले की गच्चीवर पसरायचा.
ह्यांनी चार दिवस उन्हात बसून
खिळ्याने त्याच्या सावलीची कड ओरखडली,
सकाळचं तरी पुरतं मिळू दे म्हणून
यंत्र पूर्वेकडे वळवून घेतलं.

फणस वादळात पडला. त्याची नायकांकडे दारं झाली.
हे पुढच्या मार्गशीर्षात.
यंत्र अजून तोंड फिरवून,
नसलेल्या सावलीला वाट देत.

कायतानने बोल्ट सैल केले.
"दक्षिणेला घेऊ. थोडं उभंही करू, पंचवीस अंश,
थंडीतला सूर्य खालून जातो."
थांब, म्हटलं.
शेवाळ नखाने खरवडून बघितलं.
रेघ होती. जरा वाकडी,
त्यांच्या सहीसारखी.

मग म्हटलं, घे.

तिसऱ्या दिवशी पाणी मोजायला गेले.
घरात थर्मामीटर एकच, तापाचा.
तो बेचाळीसच्या पुढे गेला नाही, तडकला.

आता थंड पाणी तांब्याभरच येतं.
अबोलीला पुरत नाही,
तिच्यासाठी वेगळा नळ सोडावा लागतो.