नाडीची गाठ

सहा आठवडे भात, दुधी, मुगाचं पाणी.
मग ताक. वहीत लिहिलं: अर्धी वाटी, साडेनऊ.
तीन दिवस थांबायचं, खारकर डॉक्टरांनी बजावलेलं.
पोट गप्प.
बिचारं ताक, वर्षभर उगाच बदनाम.

अर्धी पोळी, कोरडी:
नाडीची गाठ होती तिथंच बसली.

मग कांदा.
नेरूळच्या बाजारातून अलिबागचा पांढरा,
अख्खी माळच आणली, इतका धीर आलेला.
एकच चिरला, परतला.
फिलोमिनाबाई दारातून म्हणाल्या,
वास आला गं, बरी झालीस वाटतं!

चारला पोट ताशासारखं.
रात्री नाडी सैल सोडून
गॅलरीत बसले, खाडीच्या वाऱ्यात.
वहीत ‘कांदा’ लिहिलं,
त्याखाली रेघ मारवेना.

आत खिळ्यावर
माळेत अजून सतरा.