जुना ड्रम

रबाळे, गाळा नंबर बावीस.
काचेच्या भांड्यात पोटॅशचं पाणी,
त्यात समोरासमोर दोन पट्ट्या,
आणि साडेनऊपासून वही घेऊन मी.

आधी तांबं लावून पाहिलं.
धन बाजूची पट्टी संध्याकाळपर्यंत
चघळलेल्या पानासारखी.
पेन्सिलीतलं शिसं सुरुवातीला उत्साही,
मग भांडंभर काळी पूड.
प्लॅटिनमचा नखाएवढा तुकडा आहे एक,
तो गोडांबे सरांच्या कपाटात, सही करून मिळतो.

हायड्रोजनचं काही नसतं,
तो उठतो नि चालू लागतो.
प्राणवायूचे मात्र नखरे.
चार-चार इलेक्ट्रॉन मोजून घेतल्याशिवाय हलत नाही,
आणि निघताना हाताला लागेल ते कुरतडून जातो.
त्याच्याशी नांदेल असा धातू हवा, मी म्हटलं.
सर हसले नाहीत. म्हणाले, निकेलची जाळी लाव.

निकेल मला लहानपणापासून माहीत.
वागळे इस्टेटला बाबांचा प्लेटिंगचा गाळा होता,
पिठाच्या गिरणीमागं.
सायकलींची हँडलं, नळाच्या तोट्या
हिरव्या टाकीत बुडवून चकचकीत वर काढायचे.
हँडलावर बारीक बुडबुडे धरले
की करंट कमी करत ओरडायचे,
"मुलाम्याला खड्डे पडतील! हा फुकटचा वायू कुणाला हवाय?"
रात्री बोटांची खाज खोबरेल लावून शमवत बसायचे.

तो फुकटचा वायू मी आता
मिलिलिटरमध्ये मोजते, पगार घेऊन.

फेब्रुवारीत नवा पोटॅश आला,
सीलबंद, अतिशुद्ध, बिल पाहून सर गप्प झाले.
आणि व्होल्टेज चढलं.
तीच जाळी, तेच पाणी.
तीन दिवस जोडण्या तपासल्या,
जाळी पुन्हा पुन्हा धुतली,
स्वतःवरही संशय घेऊन झाला.

चौथ्या दिवशी मढवीमामा, टाक्या धुणारे,
मागच्या पत्र्याच्या ड्रमातला उरलासुरला पोटॅश घेऊन आले.
बुडाशी तांबूस.
"हा वापरा की. फेकायचा जिवावर येतो."

जेवणाच्या सुट्टीनंतर पाहिलं तर आकडा उतरलेला.
जाळीवर बुडबुडे
आधणातल्या तांदळासारखे उसळत होते.

लोखंड, सर म्हणाले. ड्रमचा गंज.
दहा लाखांत एखाददुसरा कण,
तेवढ्यानं जागं होतं निकेल.
एकटं, शुद्ध असलं की सुस्त.

मला बाबांची गाळणी आठवली.
एखादा खिळा जरी टाकीत पडला
तरी त्यांची झोप उडायची.
लोखंडानं आंघोळ नासते म्हणून
रात्र रात्र कापडातून गाळत बसायचे,
तपकिरी चिखल मोरीत ओतायचे,
पुन्हा गाळायचे.

हे त्यांना सांगायला हवं होतं.
काय म्हणाले असते कुणास ठाऊक.
बहुधा, "तुमचं काम वेगळं, आमचं वेगळं."

मामा ड्रम भंगारात देणार होते, दोनशे रुपयांना.
मी त्यावर खडूनं माझं नाव लिहिलं
आणि तो आत ओढून घेतला.