नो-गो

इब्रीच्या पश्चिमेला डांबर संपतं, तिथे आमची शेड.
भुसावळच्या उन्हात वाढलेल्या माणसाला
इथल्या उन्हाची भीती घालू नये,
असं मी पहिल्या वर्षी म्हणालो होतो.
नंतर म्हणालो नाही.

माझं काम मोजण्याचं.
वरणगावला एकवीस वर्षं काडतुसं मोजली,
इथे रायफल, जी अजून व्हायची होती.
पोलादाची दोन गेजं, अंगठ्याएवढी:
'गो'वर बोल्ट मिटलाच पाहिजे,
'नो-गो'वर मिटता कामा नये.
मधलं अंतर केसाएवढं.
त्या अंतरात माझा पगार, मुलीची फी,
आणि वरणगावच्या घराचा अर्धा राहिलेला जिना.

नव्याची नवलाई नऊ दिवस म्हणतात.
आमची नऊ वर्षं चालली, आणि नवी आलीच नाही.
आधी म्हणाले, हलकी हवी.
लाउरीने, बर्फातून आलेल्या त्या फिनलंडच्या माणसाने,
तीनशे ग्रॅम काढून दाखवले.
मग साहेब बदलले. पल्ला वाढवा, काडतूस मोठं करा.
म्हणजे नळी जाड, म्हणजे तीनशे ग्रॅम परत, वर आणखी दोनशे.
तिसऱ्या साहेबांना दुर्बीण हवी होती.
दुर्बीण चांगली असली, ते म्हणाले,
तर खाली काय लावलंय याने काय फरक पडतो?
प्रश्न बरोबर होता.
म्हणून कोणी उत्तर दिलं नाही.

मग वाळूची चाचणी.
इथली वाळू म्हणजे भाजणीचं पीठ,
डबा उघडायच्या आधी आत गेलेली असते.
सहाशे फैरी. नवी चार वेळा अडली, जुनी सहा वेळा.
लाउरी नाचायचाच बाकी होता.
सार्जंट मुसल्लम बराच वेळ कागद बघत राहिला.
"दोन," म्हणाला.
काय दोन?
"फरक."
(आमची भाषा म्हणजे निम्मी हिंदी, निम्मे हातवारे.)
मग त्याने जुनी उचलली, दस्त्याला चिकटपट्टी गुंडाळलेली,
आणि अडकलेली गोळी बोलता बोलता काढली, खाली न बघता,
जसा सुपातला खडा बोट आपोआप शोधतं.
"हे मला अंधारात येतं. माझ्या पोरांना येतं.
गोदामात चाळीस हजार मॅगझिनं पडलीयत,
तुझ्या नवीला त्यातलं एक बसत नाही.
दोनासाठी?"

पत्र दोन ओळींचं आलं, गुरुवारी दुपारी.
त्यात तेलाचा पडलेला भाव नव्हता,
तिन्ही साहेब नव्हते, मुसल्लमचे 'दोन' नव्हते.
'आढाव्यानंतर' असा एक शब्द होता
आणि खाली शिक्का, जरा तिरका.

अकरा नमुने. नावं नव्हती, नंबर होते.
नियमाप्रमाणे गॅस कटरने प्रत्येकीचे तीन तुकडे.
कुंजुमोनने मोजले, मी पुन्हा मोजले. तेहतीस. सही.
सात नंबरचा बोल्ट मी स्वतः घासला होता,
'गो'वर असा मिटायचा
की आवाज यायच्या आधी हाताला कळायचं.
तो बाविसावा तुकडा.

रात्री फोनवर बायको म्हणाली, वाईट वाटलं?
बंदूकच ती, मी म्हणालो, जगात एक कमी झाली.
हे खोटं नव्हतं.
फारसं खरंही नव्हतं.
ती म्हणाली, मग जिन्याचं काय करायचं?

निघायच्या आदल्या दिवशी
हिशेबावर सही घ्यायला रेंजवर गेलो.
गाफच्या तुटपुंज्या सावलीत
मुसल्लम जुनी उघडून बसला होता,
हातात वाकड्या मानेचा ब्रश.
तो माझा. तिसऱ्या वर्षी केलेला,
टूथब्रशची मान लायटरवर तापवून,
नवीच्या बोल्टमागच्या कोपऱ्यासाठी.
लाउरीने पुढे त्याचं ड्रॉइंग काढलं, पार्ट नंबर दिला.

"जुनीलाही लागतो," मुसल्लम मान न उचलता म्हणाला.
"वरून चार हजारांची ऑर्डर निघालीय."

मी विचारलं, केस किती लांब ठेवलेत?
त्याने दोन बोटांत धरून दाखवले.
दोन मिलिमीटर जास्त होते.
मी म्हणालो नाही.