चित्र नंबर तीन

नाव होतं, पण फ्लोअरवर मी डमी.
"डमीला बसवा," असं कुणी ओरडलं
की नऊवारी सावरत चौरंगावर जायचं
आणि मॅडम मेकअपमधून निघेपर्यंत
मॅडमच्या वाटणीचा उजेड अंगावर घ्यायचा.

गोरेगावची फिल्मसिटी.
आत अठराशे चौऱ्याण्णव सालचं गिरगाव.
प्लायवूडचे खांब, त्यांवर सागाच्या रेघा ओढलेल्या,
खिडकीबाहेर कापडावरचा समुद्र,
पंखा लागला की पोटातून हलायचा.

सिनेमातला चित्रकार म्हणजे हीरो.
कुंचला धरायला त्याला दोन दिवस शिकवलं,
तिसऱ्या दिवशी नाद सोडला.
चित्रं काढायचे चिंदरकर.
लॅमिंग्टन रोडच्या थेटरांसाठी जन्मभर पोस्टरं रंगवलेली,
माणसाएवढी नाकं, गाडीच्या चाकाएवढे डोळे.
इथे साडेतीन फुटांत मान अवघडून बसायचे.
एकच चित्र सात टप्प्यांत,
कारण सीन उलटसुलट निघतात.
आणि पुरं झालेलं तीनदा,
कारण शेवटी हीरो ते जाळतो
आणि आगीचा टेक एका फटक्यात ओके होईल
याची खात्री नव्हती कुणाला.

मॅडमना बसायला सवड नव्हती.
चेहरा फोटोवरून घेतला.
बाकीची मी.

चार दिवस ते काही बोलले नाहीत.
पाचव्या दिवशी म्हणाले,
"श्वास घेतलात तरी चालेल."
मग कुंचल्याच्या मागच्या टोकानं
माझ्या दंडाकडे दाखवत,
"देवी कुठं टोचली?"
"कोरेगावला. शाळेत."
"रडलात?"
"पळाले. मास्तरांनी उसातनं धरून आणलं."
दातांत कुंचला होता, तरी हसले.
टर्पेंटाइनचा वास, आणि मागे कुणीतरी
सुताराच्या नावानं बोंबलत होतं.
"नाव काय तुमचं?"
सांगितलं. हौसा.
त्यांनी पॅलेटवर थोडा गेरू कालवला,
जसं काही नावालाही रंग लागतो.

डायरेक्टर आले, वाकून बघितलं.
"हे काय दंडावर? फोड आलाय का हिला?
काढा ते."
चिंदरकरांनी अंगठा फिरवला.
दोन खड्डे, तांदळाच्या दाण्याएवढे,
पुसले गेले.

क्लोजअपमध्ये हात त्यांचाच.
पांढरे केस वस्तऱ्यानं काढले,
हीरोची अंगठी साबण लावून चढवली,
पॅकअपनंतर उतरेना.
हीरो तासभर गाडीत खोळंबला.

जाळायच्या दिवशी सगळे बघायला जमले.
पहिल्या टेकला नुसता धूर.
दुसऱ्याला पेटलं.
आधी चेहरा गेला, मॅडमचा.
दंड बराच वेळ राहिला.
कट म्हटल्यावर टाळ्या पडल्या,
मी पण वाजवल्या.
तिसरं चित्र पोत्यात गुंडाळून
प्रॉपर्टीवाल्यानं कुठंतरी ठेवून दिलं.

टायटलमध्ये नाव त्यांचं नव्हतं. माझं कशाला असेल.

अकरा वर्षांनी ओशिवऱ्याला,
जुन्या फर्निचरच्या बाजारात
पोरीच्या लग्नासाठी कपाट बघत होतो.
एका गाळ्यात, आरामखुर्च्यांच्या मागे,
भिंतीला टेकवलेलं ते.
फ्रेम नवी, सोनेरी.
मॅडम खिडकीकडे बघत होत्या.
मी दंडाकडे बघितलं.
दोन खड्डे. होते.
आतल्या बाजूला गेरूची सावली दिलेली,
सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखी.

"अँटिक आहे," गाळेवाला म्हणाला.
"कुठल्यातरी संस्थानातली राणी.
शंभर-सव्वाशे वर्षं झाली."
"केवढ्याला?"
"बावीस हजार."
"नाव काय हिचं?"
"आता ते कोण सांगणार?"

पोरगी म्हणाली, "आई, चल ना,
ते स्टीलचं बघू या."
मी जरा पुढे वाकले.
"हात नका लावू, बाई," तो म्हणाला,
आणि त्याच्या पोऱ्यानं येऊन
ओल्या फडक्यानं
माझा दंड पुसला.