बाराचं विमान

येलिझोवोहून विमान दुपारी बाराला सुटतं,
मॉस्कोला उतरतं तेव्हा दुपारचे बारा.
नवखी माणसं तिकीट उलटंपालटं करून बघायची.
एका खलाशाने तर माझ्या खिडकीवर मूठ आपटली होती:
बाई, छापताना झोपली होती का तुमची माणसं?
तेवीस वर्षं मी एकाच आवाजात सांगत आले,
सहा हजार आठशे किलोमीटर. नऊ तास उडायचं.
आणि मॉस्को आपल्या नऊ तास मागे.
हातचा काही राहत नाही.

रिम्मा अंथरुणाला खिळली तेव्हा फोनवर म्हणाली,
म्हणजे तू निघालीस की पोचलीसच.
हसली. मग बराच वेळ नुसता खोकला.

मार्चमधला मंगळवार. मी पहिल्यांदाच खिडकीच्या या बाजूला.
सकाळी धुरी दिलेला लाल मासा वर्तमानपत्रात गुंडाळला,
वर जुनी उशीची खोळ, वर सुतळी.
दुसऱ्या गाठीत बोट अडकलं.
शेजारच्या झिनाइदाला म्हटलं, धर गं जरा,
तर तिचंही अडकलं,
आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या उगाच हसत सुटलो.
भिंतीवर नऊ चाळीस.

सूर्य पंखावर येऊन बसला तो हललाच नाही.
खाली लेना, पुढे येनिसेय,
पांढऱ्यावर पांढऱ्याने ओढलेल्या रेघा.
शेजारचा पोरगा तोंड उघडं टाकून झोपलेला.
मी चहा मागितला. दोन साखर.
एवढी लांबलचक दुपार,
आणि कुठल्याच घड्याळात जमा नाही.

चाकं टेकली. आतून आवाज आला: स्थानिक वेळ दुपारचे बारा.
मनगटावर रात्रीचे नऊ.
किल्ली ओढून काटा उलटा फिरवला,
नऊ फेरे, मोजून.

दाराशी ग्लेब. टोपी हातात.
ती टोपी बघितल्यावर बोलायचं काही उरलं नव्हतं,
तरी तो बोलला:
मावशी, सकाळी. नऊ चाळीसला.

नऊ चाळीस आज माझ्याकडे दोनदा येऊन गेले होते.
एकदा सुतळी, झिनाइदा, हसणं.
एकदा उरलच्या आसपास कुठेतरी,
बहुतेक चमचा ढवळताना.
दुसरे खरे. मला कळतं, हा हिशेब माझाच आहे,
साऱ्या येलिझोवोला मीच शिकवलाय.
पण मन पहिल्याकडेच धाव घेतं.
तेव्हा तिच्याकडे मध्यरात्र नुकती उलटली होती,
अजून नऊ तास होते तिच्या गाठीला,
अख्खं एक विमान.

स्वयंपाकघरात ग्लेबने सुरी काढली.
म्हटलं, कापू नकोस रे. सोडव.
तो स्टुलावर बसला, दिव्याखाली मान घालून,
नखांनी ओढत राहिला.
वेळ लागला.