नवाचा ताळा

रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून
मुलाणी तंबाखू मळायचा,
मी पिनकोड फोडायचो.

पुणे स्टेशनाशेजारचा छाननीचा हॉल,
उलटी केलेली पोती, डिंकाचा वास,
आणि एका खणावर खडूने
४११०३०. सदाशिव पेठ.

चार लाख अकरा हजार तीस.
सम आहे, पाचाने जाते, हे शेवटचं शून्यच सांगतं.
अंकांची बेरीज नऊ, म्हणून नवानेही जाते.
आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो
ती हर्षद संख्या, मी मुलाणीला सांगितलं.
तो म्हणाला, "सदाशिव पेठेत हर्ष?
नीट बघा, दुसऱ्या खणातलं असेल."

दोन, तीन, तीन, पाच.
एवढी मोड काढून ठेवली
की हातात राहतात चार हजार पाचशे सदुसष्ट.
चार पाच सहा सात, जिना चढावा तसे अंक.
मनीऑर्डरच्या रद्द फॉर्मच्या पाठीवर
सातापासून सदुसष्टापर्यंत
एकेक मूळ संख्या लावून पाहिली,
सिंहगड एक्सप्रेस सुटेपर्यंत.
तुटली नाही.

विभाजक चोवीस.
स्वतःला वगळून बाकीच्यांची बेरीज
सहा लाख सत्तावन्न हजार आठशे ब्याऐंशी,
म्हणजे घरापेक्षा माणसंच जास्त. विपुल संख्या.
आणि दोन वर्गांच्या बेरजेत बसवू म्हटलं
तर काही केल्या बसत नाही.
(पेठेचाच गुण, असं मुलाणीचं मत.)

त्र्याऐंशीच्या जूनमध्ये
मंदाकिनी टिळेकर खिडकीशी आल्या.
हातात पाकीट, खडकीचा शिक्का.
हडपसरच्या शाळेत मुलाखत होती,
पत्र पोचलं तेव्हा होऊन आठ दिवस झाले होते.

पाकिटावर ४११००३.
शाळेच्या कारकुनाने तीन आणि शून्य फिरवले होते.
खाली ठळक अक्षरांत सदाशिव पेठ,
भिकारदास मारुतीजवळ.
छाननीचा शिक्का माझ्या पाळीचा.
मी अंकच पाहिले असणार.

"बेरीज तर इथंही नऊच येते," मी म्हणालो.
का म्हणालो, देव जाणे.

"येणारच," त्या म्हणाल्या.
"शेजारचे अंक उलटले की फरक नवाच्या पटीत.
इथं सत्तावीस.
ही चूक नवाच्या ताळ्यात सापडत नाही.
हेच शिकवायला निघाले होते मी, सातवीला."

आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

तक्रारीसाठी कोरा कागद हवा होता त्यांना.
मी गडबडीत तोच फॉर्म पुढे केला.
त्यांनी उलटून पाहिला,
बोट फिरवत खालपर्यंत आल्या.
"त्रेचाळीस राहिला तुमचा."
फॉर्म तिथेच ठेवून निघून गेल्या.

मुलाणीने पंखा बंद केला, कागद उडू नयेत म्हणून.
मी भाग घातला.
एकशे सहा वेळा गेला.
बाकी नऊ.